दोन शोधांचा धनी : थॉमस मिजली

बडोद्याचा वैशाख कसा असतो हे येथील वाचकांस सांगावयास नको. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही घरच्या घरी एक उद्योग आरंभिला. वडिलांची १९९२ सालची मोटार अंगणातील पत्र्याच्या शेडखाली कित्येक वर्षे उभी होती. तिचे इंजिन बरे होते. परंतु आतील वातानुकूलन यंत्र पार बंद पडले होते. ते आपल्या हातांनी पुन्हा सुरू करावे असे आमच्या मनाने घेतले. बॉनेट उघडून धूळ झटकली, तेव्हा आतल्या बाजूस चिकटविलेल्या एका पट्टीवर यंत्रात भरावयाच्या वायूचे नाव आणि वजन छापलेले आढळले. ते नाव होते आर-१२.

पलीकडच्या गल्लीतील मिस्त्रींना आम्ही बोलावून आणले. त्यांनी पट्टी वाचून मान हलविली. हा वायू आता बाजारात मिळत नाही, दुसऱ्या जातीचा भरावा लागेल, असे त्यांनी सांगितले. आत जो काही जुना वायू उरला असेल तो नळीचा नट सैल करून सोडून द्यावा, म्हणजे पाच मिनिटांत काम मोकळे होईल, असेही ते म्हणाले. त्यांनी पाना हाती घेतलाही होता. आम्ही त्यांना हात जोडून थांबविले. का थांबविले, हे सांगावयाचे तर ज्या माणसाने हा वायू जगाला दिला त्याची जीवनकथा सांगितली पाहिजे. विद्यार्थिमित्रहो, विज्ञान शाप की वरदान या विषयावर आपण सर्वांनी निबंध लिहिलेले आहेत. या एका माणसाच्या चरित्रात त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दोनदा येऊन गेल्या आहेत.

थॉमस मिजली याचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, बीव्हर फॉल्स या गावी झाला. शोधक वृत्ती त्याच्या घराण्यातच होती. त्याच्या आईचे वडील जेम्स इमर्सन यांनी दाते बदलता येतील अशी गोल करवत काढली होती. वडीलही मोटारीची चाके आणि टायर यांत नवनव्या सुधारणा करण्यात गढलेले असत. थॉमसचे बालपण ओहायो राज्यातील कोलंबस शहरी गेले. १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून तो यंत्रशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. रसायनशास्त्राचा तो पदवीधर नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण पुढे त्याने जे नाव मिळविले ते रसायनशास्त्रातच.

१९१६ साली तो डेटन शहरी चार्ल्स केटरिंग याच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. हा केटरिंग मोठा कल्पक गृहस्थ होता. पूर्वी मोटार सुरू करावयाची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. विजेच्या साहाय्याने इंजिन सुरू करण्याची युक्ती केटरिंगने काढली आणि १९१२ साली ती कॅडिलॅक गाड्यांत बसविण्यात आली. त्याने मिजलीपुढे एक प्रश्न टाकला. चढावर अथवा जोर पडला असता इंजिनातून ठकठक असा आवाज येई, शक्ती वाया जाई आणि क्वचित पिस्टनला तडाही जाई. याचे कारण काय, आणि यावर इलाज कोणता?

मिजलीने शोधून काढले की, सिलिंडरमध्ये दाबले गेलेले पेट्रोल व हवा यांचे मिश्रण क्रमाने न जळता त्याचा काही भाग एकाएकी भडकतो. त्याचाच हा ठोका असतो. पुढचा भाग मोठा गमतीचा आहे. बर्फाखालीही लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने तांबूस असतात. त्या तांबड्या रंगामुळे ती उष्णता अधिक शोषून घेत असतील, तर तांबडे केलेले पेट्रोलही तसेच करील आणि नीट जळेल, असा तर्क या दोघांनी लढविला. प्रयोगशाळेत तांबडा रंग शिल्लक नव्हता. म्हणून मिजलीने हाताशी असलेले आयोडीन पेट्रोलमध्ये घातले. ठोका थांबला! मग त्याने खरे तांबडे रंग आणवून घालून पाहिले, तो एकाचाही उपयोग होईना. तर्क चुकीचा होता, पण वाट बरोबर सापडली. ठोका थांबविणारा पदार्थ असू शकतो एवढे निश्चित झाले.

आयोडीन महाग, शिवाय ते धातू खाई. तेव्हा दुसऱ्या पदार्थांचा शोध सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालला. एकामागून एक किती पदार्थ तपासले त्याला गणती नाही. टेल्यूरियम या मूलद्रव्याच्या संयुगाने ठोका उत्तम थांबे. परंतु त्याची दुर्गंधी अंगाला आणि कपड्यांना अशी चिकटे की, स्नान करूनही ती जात नसे आणि लोक या मंडळींच्या जवळ बसावयास तयार होत नसत. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाची पाळी आली. गॅलनभर पेट्रोलला त्याचे अवघे ३ घनसेंटिमीटर पुरे होत. १९२३च्या फेब्रुवारीत डेटन येथे हे नवे पेट्रोल विक्रीस आले. त्याला नाव दिले ते इथिल. त्या नावात शिशाचा उल्लेख कोठेच नव्हता.

येथवरची कथा चिकाटीची आहे आणि ती कोणत्याही शाळेत सांगावी अशीच आहे. यापुढील कथाही सांगितली पाहिजे. शिसे हे विष आहे, ही गोष्ट त्या वेळी नवी नव्हती. शेकडो वर्षे ती वैद्यांना माहीत होती. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळूनही ठोका थांबतो हे खुद्द मिजलीला ठाऊक होते. परंतु मद्यार्क पुष्कळ लागतो आणि तो कोणीही गाळू शकतो; त्यावर पेटंटाचा नफा मिळण्यासारखा नव्हता, असे कारण इतिहासकार देतात. १९२३च्या आरंभी मिजलीला स्वतःलाच शिशाची बाधा झाली आणि हवापालटासाठी त्याला फ्लॉरिडात जाऊन राहावे लागले. म्हणजे या द्रव्याचा गुण त्याने स्वतःच्या देहावर अनुभवला होता.

१९२४ साली हे द्रव्य बनविणाऱ्या कारखान्यांत कामगार मरू लागले. ऑक्टोबर महिन्यात न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धी कारखान्यात कामगारांना भ्रम होऊ लागला. त्यांतील ५ जण दगावले आणि कित्येकांना रुग्णालयात ठेवावे लागले. वर्तमानपत्रांत मोठा गवगवा झाला. तेव्हा ३० ऑक्टोबर रोजी मिजलीने वार्ताहरांना बोलाविले, त्यांच्या देखत ते द्रव्य हातांवर चोळले आणि मिनिटभर त्याचा वास घेऊन दाखविला. यात भिण्यासारखे काही नाही असे त्याला सिद्ध करावयाचे होते. पावणेदोन वर्षांपूर्वी याच द्रव्याने आपण अंथरुणाला खिळलो होतो, ही गोष्ट तो तेव्हा विसरला असेल असे आम्हांस वाटत नाही.

अ‍ॅलिस हॅमिल्टन या वैद्यकीय विदुषीने आणि इतर काही जाणत्यांनी धोक्याची सूचना दिली. १९२५ साली विक्री थांबविण्यात आली व सरकारी चौकशी झाली. परंतु बंदी घालण्यास पुरेसा आधार नाही असा निर्वाळा मिळून १९२६ साली विक्री पुन्हा सुरू झाली. पुढे निम्मे शतक जगातील बहुतेक मोटारी शिशाचा धूर सोडीत धावल्या.

आता दुसऱ्या शोधाकडे वळू. आमच्या मोटारीच्या पट्टीवर ज्याचे नाव होते तो हाच.

शीतकपाट असो की मोटारीतील वातानुकूलन, दोहोंचे तत्त्व एकच आहे. माठातील पाणी बाहेर पाझरून वाफ होताना माठ थंड करते, त्याप्रमाणे सहज उकळणारा एखादा द्रव बंद नळ्यांत फिरवावयाचा; तो वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, बाहेरच्या जाळीत ती उष्णता टाकून पुन्हा द्रव होते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. १९२०च्या सुमारास या कामी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मेथिल क्लोराइड हे वायू वापरीत. ते सारे विषारी, काही ज्वालाग्राहीही. नळी फुटली तर झोपेतच माणसे मरत. १९२९ साली शिकागो शहरात अशा गळतीने अनेकांचे प्राण गेले. ज्या यंत्राने घरातले दूध नासण्यापासून वाचवावयाचे, तेच घरातल्या मुलांचा घात करी.

१९२८ साली केटरिंगने मिजलीकडे निरोप धाडला की, विषारी नाही आणि पेटही घेत नाही असा शीतक पाहिजे. अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनरी हे दोघे त्याचे सहकारी होते. मिजलीने आवर्त सारणी पुढे घेतली. वायुरूप होणारी संयुगे देणारी मूलद्रव्ये तिच्या उजव्या बाजूस आहेत. डावीकडून उजवीकडे जावे तशी ज्वालाग्राहिता कमी होते, आणि खालून वर जावे तसे विष कमी होते. या दोन्ही रेषा जेथे मिळतात तेथे फ्लोरीन बसलेले आहे. फ्लोरीन स्वतः अत्यंत दाहक असल्याने त्याच्या वाटेला कोणी गेले नव्हते. परंतु संयुगात ते घट्ट बांधले गेले तर निरुपद्रवी होईल, असे या मंडळींनी ताडले. तीन दिवसांत दिशा ठरली.

वायू तयार करण्यासाठी अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या पाच लहान बाटल्या मिळाल्या. त्यांतील एक सहज उचलून त्यांनी थोडा वायू बनविला आणि काचेच्या हंडीखाली ठेवलेल्या गिनीपिगवर सोडला. प्राण्याला काहीच झाले नाही. दुसऱ्या बाटलीतून बनविलेला वायू सोडताच मात्र दुसरा गिनीपिग मेला! तपास करता असे दिसले की, एक बाटली शुद्ध होती आणि उरलेल्या चारांत भेसळ असल्याने फॉस्जीन हा घातक वायू तयार होत होता. चारांपैकी एखादी बाटली आधी हाती आली असती तर हा नाद तेथेच सुटला असता, असे मिजली पुढे सांगत असे.

या वायूचे रासायनिक नाव डायक्लोरोडायफ्लोरोमिथेन, व्यापारी नाव फ्रिऑन, आणि कारागिरांच्या बोलीत आर-१२. उणे ३० अंश सेल्सिअसच्या जवळपास तो उकळतो. १९३० साली अटलांटा येथे रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो छातीभर आत घेतला आणि जळत्या मेणबत्तीवर हलकेच सोडला. मेणबत्ती विझली, मिजली हसत उभा राहिला. विष नाही आणि आगही नाही, या दोन्ही गोष्टी एका श्वासात सिद्ध झाल्या. या वेळी त्याने दाखविले ते खरे होते, हे आपण विसरता कामा नये.

शीतकपाटे निर्धोक झाली, रुग्णालये व नाट्यगृहे थंड झाली. १९३९ साली पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच वातानुकूलन बसविलेली मोटार प्रथम विक्रीस काढली. तिच्यात यंत्राचा मोठा भाग मागे सामानाच्या कप्प्यात असे, आणि थंडावा नको असेल तेव्हा उतरून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवावा लागे. पुढे यंत्र लहान झाले, सुधारले आणि जगभरच्या गाड्यांत गेले. त्या सर्वांत वायू मात्र मिजलीचाच होता.

मिजलीला मानसन्मान भरपूर मिळाले. १९३७ साली पर्किन पदक, १९४१ साली प्रीस्टली पदक आणि १९४४ साली अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. शंभरांहून अधिक पेटंटे त्याच्या नावावर होती. परंतु १९४० साली, वयाच्या ५१व्या वर्षी, त्याला पोलिओ झाला आणि पाय निकामी झाले. शोधकाचा स्वभाव तेथेही स्वस्थ बसला नाही. बिछान्यातून आपले आपण उठता यावे म्हणून त्याने दोऱ्या व कप्प्या यांची एक योजना तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा अडकून मृत झालेल्या स्थितीत तो आढळला. त्याचे वय त्या वेळी ५५ वर्षांचे होते. त्याच्या शोधांनी जगाचे काय केले, हे समजण्यापूर्वीच तो गेला.

ते समजले पुढील ४०-५० वर्षांत. क्लेअर पॅटरसन हा शास्त्रज्ञ शिशाच्या साहाय्याने पृथ्वीचे वय मोजीत होता. १९५६ साली त्याने ते ४५५ कोटी वर्षे ठरविले. हे काम करताना प्रयोगशाळेच्या हवेतील शिशाने त्याचे मोजमाप सारखे बिघडे. हे शिसे येते कोठून, याचा माग घेत तो समुद्राच्या पाण्यापर्यंत आणि ग्रीनलंडच्या बर्फापर्यंत गेला, आणि त्यातील मोठा वाटा मोटारींच्या धुराचा आहे असे त्याने दाखवून दिले. लहान मुलांच्या मेंदूला या शिशाने अपाय होतो हेही सिद्ध झाले. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. २०२१ साली अल्जीरियाने ते सोडले, तेव्हा जगातील मोटारींची त्यातून सुटका झाली.

फ्रिऑनची गोष्ट निराळी. तो सहसा कशाशीही संयोग पावत नाही, हाच त्याचा गुण; आणि तोच दोष ठरला. सोडलेला वायू नाहीसा होत नाही, तो शंभर वर्षे हवेत राहतो आणि सावकाश वर चढतो. तेथे सूर्याच्या अतिनील किरणांनी तो फुटतो आणि त्यातील क्लोरीन ओझोन वायूच्या थराला खाऊ लागते. हे भाकीत १९७४ साली मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी केले. १९८५ साली अंटार्क्टिकावर ओझोनचा थर अतिशय विरळ झाल्याचे प्रसिद्ध झाले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे राष्ट्रांनी करार केला. १९९२ साली भारत त्यात सामील झाला आणि २०१० सालापर्यंत या जातीच्या वायूंचे उत्पादन जगभर जवळजवळ थांबले. अंटार्क्टिकावरील थर २०६६च्या सुमारास पूर्ववत होईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मग मिजलीला दोष द्यावा काय? आमच्या मते त्याच्या दोन चुका एका तागडीत घालणे न्यायाचे नव्हे. फ्रिऑन शोधताना ओझोनवर होणारा परिणाम त्यालाच काय, कोणालाच माहीत नव्हता. त्याने माणसे वाचविण्यासाठी काम केले आणि ती वाचलीही. त्या अज्ञानाला क्षमा आहे. शिशाच्या बाबतीत मात्र अज्ञान नव्हते. कामगारांचे मरण पुढे होते, स्वतःच्या आजाराचा अनुभव होता, दुसरी वाटही ठाऊक होती. तरीही त्याने हात पुढे करून ते द्रव्य चोळून दाखविले. न कळून घडते ती चूक. कळत असून झाकून ठेवावयाचे याला दुसरे नाव आहे. बुद्धी दोन्ही वेळी तीच होती, फरक पडला तो सचोटीत.

आणि म्हणूनच आम्ही मिस्त्रींचा पाना थांबविला. मिजलीला जे माहीत नव्हते ते आम्हांस माहीत होते. नट सैल करून पाव किलो वायू आकाशात सोडला असता तर ते अज्ञान ठरले नसते. मिस्त्रींनी सारे ऐकून घेतले आणि पाना खाली ठेवला. शहरात एके ठिकाणी जुना वायू ओढून बाटलीत भरून घेणारे यंत्र आहे, ते त्यांनीच शोधून दिले.

वायू काढून घेतल्यानंतरचे काम आम्ही घरी केले. नळ्यांच्या सांध्यांवर जेथे तेलकट काळे डाग होते तेथूनच गळती होत होती. जुनी रबरी कडी काढून नव्या वायूस चालतील अशी हिरवी कडी घातली, दोन जुन्या नळ्या बदलल्या. ओलावा शोषून घेणारा ड्रायर बदलला, कारण जुना एकदा उघडला की निकामी होतो. कॉम्प्रेसरमधील जुने खनिज तेल नव्या आर-१३४ए वायूबरोबर फिरत नाही, म्हणून ते काढून त्याजोगे तेल घातले. मग व्हॅक्यूम पंप लावून पाऊण तास आतली हवा आणि दमट वाफ ओढून काढली, आणि पंप बंद करून काटा हलतो की काय हे पाहत बसलो. सकाळपर्यंत काटा जागचा हलला नाही. तेव्हाच, डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे घालून, नवा वायू भरला. तोही जुन्या वजनाच्या ८५ टक्केच, कारण हा वायू त्याहून अधिक भरल्यास दाब वाढतो. भर दुपारी वडील गाडीत बसले आणि समोरच्या जाळीतून गार वारा आला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून सुटी सार्थकी लागली असे वाटले.

तथापि एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. हा नवा वायू ओझोनला अपाय करीत नाही. परंतु पृथ्वी तापविण्याच्या कामी तो त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक जोराचा आहे, आणि २०१६ साली किगाली येथे झालेल्या करारानुसार त्याचाही वापर हळूहळू कमी करावयाचा आहे. म्हणजे आम्हीही निर्दोष वस्तू भरली असे नाही. म्हणून बॉनेटखालच्या जुन्या पट्टीशेजारी आम्ही एक नवी पट्टी चिकटविली. तिच्यावर वायूचे नाव, वजन, तेलाची जात आणि तारीख स्वच्छ अक्षरांत लिहिली. पुढे जो कोणी हे बॉनेट उघडील त्याला आत काय आहे ते कळावे, आणि आमच्याहून अधिक ज्ञान झाले असेल तर त्याने त्याप्रमाणे वागावे, एवढीच इच्छा.